अनन्यतेचा करार आणि ‘स्वतंत्र’ लेखक : म्यूडी ते किंडल

१

साहित्यकृती लेखकाच्या हातून सुटल्यापासून वाचकाच्या हाती पडेपर्यंत मधला जो प्रवास घडतो, त्याकडे साहित्यसमीक्षेने पुष्कळदा केवळ व्यवहाराचा, आणि म्हणून दुय्यम, भाग म्हणून पाहिले आहे. लेखक, कृती आणि वाचक या त्रयीच्या विवेचनात विक्रेत्याला सहसा स्थान मिळत नाही. रॉबेर एस्कार्पी यांनी १९५८ मध्ये साहित्याच्या समाजशास्त्रावरील आपल्या छोटेखानी पुस्तकात उत्पादन आणि उपभोग यांच्या बरोबरीने वितरणाचा स्वतंत्र विचार केला, तो ही उणीव ओळखूनच. परंतु वितरणाची एखादी व्यवस्था लेखकाशी कोणता करार करते आणि त्या कराराचा कृतीच्या घटनेवर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यानंतरही बहुधा ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासकांवर सोपवला गेला. गेल्या दीड दशकात हा प्रश्न साहित्यविचाराच्या दाराशी पुन्हा येऊन उभा राहिला आहे. याचे निमित्त म्हणजे ई-पुस्तकांच्या क्षेत्रात स्वयंप्रकाशन करणाऱ्या लेखकांपुढे ठेवण्यात आलेला अनन्यतेचा करार.

८ डिसेंबर २०११ रोजी ॲमेझॉन या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ या स्वयंप्रकाशन-सेवेअंतर्गत ‘केडीपी सिलेक्ट’ नावाची योजना जाहीर केली. या योजनेत पुस्तक दाखल करणाऱ्या लेखकाने नव्वद दिवस त्या पुस्तकाची अंकीय आवृत्ती अन्यत्र कोठेही विकायची नाही वा विनामूल्यही द्यायची नाही, अशी मुख्य अट होती. मुद्रित प्रतीला ही अट लागू नव्हती. मोबदल्यात लेखकाला दोन गोष्टी मिळत. पहिली, नव्वद दिवसांतील पाच दिवस पुस्तक विनामूल्य वाटून वाचकांचे लक्ष वेधण्याची मुभा. आणि दुसरी, पुस्तक उसने नेणाऱ्या वाचकांच्या प्रमाणात एका सामायिक निधीतील वाटा. डिसेंबर २०११ साठी हा निधी पाच लाख डॉलर होता आणि २०१२ या वर्षासाठी किमान साठ लाख डॉलरची हमी देण्यात आली होती.

अनन्यतेची अट प्रकाशनव्यवहाराला नवी नाही. कोणताही प्रस्थापित प्रकाशक लेखकाकडून अनन्य हक्कच मागतो आणि तेही नव्वद दिवसांसाठी नव्हे, तर पुष्कळदा स्वामित्वहक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी. त्या तुलनेत ॲमेझॉनचा करार सौम्य, अल्पमुदतीचा आणि मोडता येण्याजोगा दिसतो. मात्र या दोन अनन्यतांच्या स्वरूपात एक मूलभूत भेद आहे. प्रकाशक हक्क स्वतःकडे घेतो तो पुस्तक शक्य तितक्या दुकानांत पोहोचवण्यासाठी. येथे हक्क लेखकाकडेच राहतो, पण दुकान एकच उरते. पहिली हक्काची अनन्यता आहे, दुसरी दुकानाची. पहिलीत लेखक आपल्या कृतीवरील सत्ता सोडतो आणि कृती बाजारात मोकळी होते; दुसरीत लेखकाची सत्ता कागदोपत्री अबाधित राहते आणि कृतीचा संचार मर्यादित होतो. ‘स्वतंत्र लेखक’ या संज्ञेचा आशय नेमका कोणत्या स्वातंत्र्याशी निगडित आहे, हा प्रश्न या भेदातून उद्भवतो.

२

विक्रेत्याने, अथवा वितरकाने, साहित्याचे रूप ठरवल्याचे सर्वांत ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात आढळते. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांनी १८४२ मध्ये लंडनमध्ये वर्गणीदारांना पुस्तके देण्यास आरंभ केला आणि १८५२ मध्ये त्यांचे वाचनालय न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आले. वर्षाला एक गिनी भरणाऱ्या वर्गणीदाराला एका वेळी एक खंड नेता येई आणि तो परत करून दुसरा घेता येई. वॉल्टर स्कॉट यांच्या १८२१ मधील ‘केनिलवर्थ’पासून तीन खंडांच्या नव्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग अशी रूढ झाली होती. ही रक्कम वाचनालयाच्या वार्षिक वर्गणीच्या दीडपट भरते. सामान्य मध्यमवर्गीय वाचकाला नवी कादंबरी विकत घेणे परवडत नसे, म्हणून तो वर्गणीदार होई. आणि वाचनालय प्रकाशकाकडून मोठ्या संख्येने, छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास, प्रती घेई, म्हणून प्रकाशक तीन खंडांचा आग्रह धरी. एका कादंबरीचे तीन खंड एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरू शकत, हा वाचनालयाचा वेगळा लाभ.

या रचनेत लेखकाने म्यूडींशी कोणताही अनन्यतेचा करार केलेला नव्हता. पुस्तक कोठेही विकण्यास कायद्याने प्रत्यवाय नव्हता. तरीही किमतीनेच अशी स्थिती निर्माण केली होती की, म्यूडींनी नाकारलेल्या नव्या कादंबरीला जवळजवळ बाजारच उरत नसे. म्यूडी आपल्या संस्थेला ‘सिलेक्ट लायब्ररी’ म्हणत. कुटुंबात उघडपणे वाचता येईल अशीच पुस्तके येथे निवडून ठेवली जातात, अशी ग्वाही त्या नावातून वर्गणीदाराला मिळे. निवडीची ही सत्ता वाङ्मयीन नव्हती. ती वितरकाची होती. पण तिचे परिणाम पूर्णपणे वाङ्मयीन होते. कथानकाची तीन भागांत विभागणी, मधल्या खंडातील रेंगाळ, उपकथानकांची भर, पात्रांच्या लांबलेल्या संभाषणांनी पाने भरणे, ही वैशिष्ट्ये केवळ व्हिक्टोरियन संवेदनशीलतेतून आलेली नाहीत. त्यांच्यामागे खंडांची गणना उभी आहे. जॉर्ज गिसिंग यांच्या १८९१ मधील ‘न्यू ग्रब स्ट्रीट’ या कादंबरीत तीन खंड भरताना खचून जाणारा लेखक चित्रित झाला आहे, आणि ती कादंबरीही तीन खंडांतच प्रसिद्ध झाली, ही गोष्ट व्यवस्थेच्या पकडीची साक्ष म्हणून पुरेशी आहे.

जॉर्ज मूर यांनी ही पकड झुगारण्याचा प्रयत्न केला. १८८३ मधील त्यांच्या पहिल्या कादंबरीला वाचनालयाकडून आलेल्या अडथळ्यानंतर त्यांनी १८८५ मध्ये ‘अ ममर्स वाइफ’ ही कादंबरी हेन्री विझेटेली यांच्याकडून एका खंडात, सहा शिलिंगांना प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी ‘लिटरेचर ॲट नर्स’ ही पुस्तिका काढून वाचनालयाच्या नैतिक पहारेदारीवर हल्ला चढवला. मूर यांचा पवित्रा आजच्या परिभाषेत मांडायचा तर त्यांनी एका प्रबळ वितरकाकडे पाठ फिरवून उघड्या बाजाराची वाट धरली. या वाटेचीही किंमत होती. विझेटेली यांना झोला यांच्या कादंबऱ्यांच्या इंग्रजी अनुवादांपायी १८८८ मध्ये दंड आणि १८८९ मध्ये तुरुंगवास भोगावा लागला.

तथापि तीन खंडांची कादंबरी संपली ती लेखकांच्या बंडामुळे नव्हे. जून १८९४ मध्ये म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन वाचनालयांनी प्रकाशकांना कळवले की, यापुढे एका खंडाला चार शिलिंगांहून अधिक दिले जाणार नाहीत आणि पहिल्या आवृत्तीनंतर वर्षभर स्वस्त आवृत्ती काढता येणार नाही. वाचनालयांना स्वतःलाच हा आकृतिबंध परवडेनासा झाला होता. १८९७ पर्यंत नव्या त्रिखंडी कादंबऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. सात दशके टिकलेला एक वाङ्मयीन आकार वितरकाच्या एका पत्रकाने तीन वर्षांत नाहीसा झाला. ज्या हाताने तो पोसला होता त्याच हाताने तो मोडला. लेखकाचे मत दोन्ही वेळा विचारले गेले नव्हते.

३

किंडल हे वाचनयंत्र १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. त्याच सुमारास लेखकांना आपली संहिता थेट ॲमेझॉनच्या दुकानात ठेवता येईल अशी सेवाही सुरू झाली. तिला पुढे ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ हे नाव मिळाले. आरंभी लेखकाला विक्रीमूल्याच्या पस्तीस टक्के मिळत. ३० जून २०१० पासून २.९९ ते ९.९९ डॉलर या किंमतपट्ट्यातील पुस्तकांना, काही अटींवर, सत्तर टक्क्यांचा पर्याय खुला झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने आयपॅडबरोबर आपले पुस्तकांचे दुकान उघडले होते. सत्तर टक्क्यांचे औदार्य आणि स्पर्धकाचे आगमन एकाच वर्षी घडले, ही गोष्ट इतिहासकाराने दुर्लक्षू नये.

या काळात स्वयंप्रकाशनाची प्रतिष्ठा पालटली. एके काळी नाकारलेल्या लेखकाने स्वखर्चाने छापलेले पुस्तक म्हणजे हौस, असा शिक्का बसे. अमांडा हॉकिंग यांनी एप्रिल २०१० पासून आपल्या कादंबऱ्या स्वतः ई-पुस्तकरूपात विकल्या आणि मार्च २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने त्यांच्याशी वीस लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. ह्यू हॉवी यांची ‘वूल’ ही दीर्घकथा जुलै २०११ मध्ये स्वयंप्रकाशित झाली. पुढे सायमन अँड शुस्टर या संस्थेशी करार करताना त्यांनी केवळ मुद्रित आवृत्तीचे हक्क दिले आणि अंकीय हक्क स्वतःकडे राखले. लेखकाच्या हक्कांचे असे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा वेगळा सौदा करता येतो, ही जाणीव या उदाहरणांनी रुजवली. ‘इंडी’ अथवा स्वतंत्र लेखक ही ओळख अभिमानाने मिरवली जाऊ लागली. स्वातंत्र्य येथे प्रकाशकापासून होते, संपादकाच्या नकारापासून होते.

नेमक्या याच क्षणी ‘सिलेक्ट’ योजना आली. तोवर स्वतंत्र लेखक आपले पुस्तक ॲमेझॉनबरोबरच बार्न्स अँड नोबल, कोबो, ॲपल या दुकानांतही ठेवू शकत होता आणि स्मॅशवर्ड्ससारख्या २००८ पासून चालू असलेल्या मध्यस्थाद्वारे एकाच वेळी अनेक ठिकाणी पोहोचू शकत होता. आता त्याला निवड करणे भाग पडले. स्मॅशवर्ड्सचे संस्थापक मार्क कोकर यांनी योजना जाहीर होताच तिच्यावर टीका केली. लेखकाने इतर दुकानांतून पुस्तक काढून घेतले की तेथील वाचक, तेथील अभिप्राय आणि तेथील क्रमवारी ही सारी कमाई त्याला गमवावी लागते, आणि परतल्यावर पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. कोकर यांचा व्यवसायच या निर्णयाने बाधित होत होता, हे खरे. परंतु त्यामुळे आक्षेपाचे तथ्य कमी होत नाही.

म्यूडींच्या आणि ॲमेझॉनच्या योजनेत ‘सिलेक्ट’ हा शब्द समान असावा, हा योगायोगच होय. पण दोहोंतील अर्थांतर उद्बोधक आहे. म्यूडींच्या वाचनालयात निवडणारा म्यूडी होता आणि लेखक निवडला जात होता. ॲमेझॉनच्या योजनेत निवडण्याची क्रिया लेखकाकडे सोपवलेली आहे. नकार देणारा पहारेकरी नाहीसा झाला आहे आणि त्याच्या जागी संमतीची चौकट आली आहे. सत्ता नकारातून नव्हे, तर होकार लाभदायक करून चालते.

४

जुलै २०१४ मध्ये ॲमेझॉनने ‘किंडल अनलिमिटेड’ ही वर्गणीयोजना अमेरिकेत सुरू केली. महिन्याला ९.९९ डॉलर भरणाऱ्या वाचकाला योजनेतील कितीही पुस्तके वाचता येत. म्यूडींची गिनी एका अर्थाने परत आली. स्वयंप्रकाशित पुस्तकांना या वर्गणीयोजनेत येण्यासाठी सामान्यतः ‘सिलेक्ट’मध्ये असणे, म्हणजेच अनन्यता स्वीकारणे, आवश्यक होते. उलट प्रस्थापित प्रकाशनांची काही ख्यातनाम पुस्तके, उदाहरणार्थ हॅरी पॉटर मालिका, अन्य दुकानांत विकली जात असतानाही याच योजनेत उपलब्ध होती. अनन्यता ही योजनेची तांत्रिक गरज नव्हती. ती ज्याची सौदाशक्ती कमी त्याच्यावर पडणारी अट होती.

येथून पुढे मोबदल्याच्या मापाचा जो इतिहास घडला, तो साहित्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगा आहे. आरंभी वाचकाने उसन्या पुस्तकाचा एकदशांश भाग वाचला की लेखकाच्या नावे एक ‘उसनवारी’ नोंदली जाई, आणि पुस्तक लहान असो वा मोठे, प्रत्येक उसनवारीचा दर सारखाच असे. हा दर जुलै २०१४ मध्ये १.८१ डॉलर होता, तो ऑक्टोबरमध्ये १.३३ डॉलरवर आला. या आकड्याचा अर्थ साध्या गणिताने कळतो. ४.९९ डॉलरची कादंबरी विकली गेली तर सत्तर टक्क्यांनी लेखकाला सुमारे साडेतीन डॉलर मिळत. तीच उसनी गेली तर १.३३. याउलट ९९ सेंटची वीस पानी कथा विकली तर पस्तीस टक्क्यांनी ३५ सेंट मिळत. तीच उसनी गेली तर तेच १.३३. शिवाय एकदशांशाचा उंबरठा ओलांडायला कथेची दोन पाने पुरत, चारशे पानांच्या कादंबरीची चाळीस लागत. परिणाम अपेक्षितच होता. छोट्या कथा, कादंबरीचे तोडलेले हप्ते, दर भागाच्या शेवटी टांगून ठेवलेला प्रसंग यांचे पीक आले. दीर्घ कादंबरी लिहिणारा लेखक आपल्याच निधीतून लघुकथा लिहिणाऱ्याचे पोषण करू लागला.

१ जुलै २०१५ पासून माप बदलले. आता मोबदला वाचलेल्या पानांवर ठरू लागला. त्यासाठी कंपनीने स्वतःचे ‘प्रमाणित पृष्ठ’ निश्चित केले. दर पानामागे साधारण अर्ध्या सेंटच्या आगेमागे राहिला. वीस पानी कथेला जेथे १.३३ डॉलर मिळत होते, तेथे आता जेमतेम दहा सेंट मिळू लागले. चारशे पानांची कादंबरी शेवटापर्यंत वाचली गेली तर सुमारे दोन डॉलर. एका रात्रीत लघुकथा तोट्याची आणि दीर्घ मालिका फायद्याची झाली. काही जणांनी एका पुस्तकाच्या पोटात जुनी पाच पुस्तके कोंबली. काहींनी आरंभी दुवा ठेवून वाचकाला थेट शेवटच्या पानावर नेले, कारण व्यवस्थेला मधली पाने वाचली गेली की नाही हे नीट कळत नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका पुस्तकासाठी एका वाचकामागे तीन हजार पानांची कमाल मर्यादा घालावी लागली. तरीही २०१८ पर्यंत हा वाद धुमसत राहिला. निधी सामायिक असल्याने फसवणुकीची भरपाई कंपनीच्या नव्हे, तर प्रामाणिक लेखकांच्या वाट्यातून होत होती.

व्हिक्टोरियन कादंबरीकाराने तिसरा खंड भरण्यासाठी जे केले, त्याचीच ही आवृत्ती असे म्हणून थांबता येणार नाही. म्यूडींचे माप खंड हे होते, आणि तो वाचला गेला की नाही याच्याशी लेखकाच्या प्राप्तीचा संबंध नव्हता. विकत घेतलेल्या पुस्तकातही हीच मुभा होती: न वाचलेले, अर्धे टाकलेले, वर्षांनी पुन्हा उघडलेले पुस्तक हे पूर्ण पुस्तकच असे. पानागणिक मोबदल्यात वाचनाची क्रियाच मूल्यमापनाचे एकक बनली आणि तीही एका विशिष्ट प्रकारची: पहिल्या वेळची, पुढे जाणारी, न थांबणारी. एका कडव्यावर तासभर रेंगाळणारा वाचक, मागे वळून पुन्हा तेच प्रकरण वाचणारा वाचक या हिशेबात अधिक मोलाचा ठरत नाही, कारण एका पुस्तकाचे पान एका वाचकामागे एकदाच मोजले जाते. संहितेतील अर्थाची घनता आणि वाचनाची गती यांचे नाते व्यस्त असते, हे समीक्षेचे जुने निरीक्षण आहे. या मापात घनतेला किंमत नाही, गतीला आहे. रोमान्स, गूढकथा, अद्भुतकथा यांच्या लांबलचक मालिका या योजनेत बहरल्या आणि कविता, निबंध, प्रायोगिक गद्य यांना तिच्यात विशेष आधार मिळाला नाही, याचे कारण वाचकांच्या अभिरुचीइतकेच मोजणीच्या पद्धतीत शोधावे लागते.

५

असे असूनही हजारो लेखकांनी हा करार स्वीकारला, आणि त्यांना भोळे म्हणणे अन्यायाचे होईल. नवोदिताला कोणी ओळखत नसते. वर्गणीदार वाचक अनोळखी पुस्तक उघडून पाहायला कचरत नाही, कारण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. उसनवारी ही विक्रीइतकीच क्रमवारीत धरली जात असल्याने योजनेतील पुस्तक दुकानात अधिक ठळक दिसते. अन्य दुकानांतून होणारी विक्री ज्याची नगण्यच आहे, त्याने तिचा त्याग करण्यात गमावण्यासारखे थोडे असते. आणि मुदत नव्वद दिवसांचीच. पटले नाही तर बाहेर पडता येते.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच ठोस आहे. निधी किती आणि पानाचा दर किती हे महिना संपल्यावर कंपनी कळवते. लेखक ज्या वस्तूचा पुरवठा करतो तिची किंमत पुरवठ्याच्या वेळी त्याला ठाऊक नसते. ही ना किंमत, ना वेतन, ना स्वामित्वधन. एच. एम. वॉर्ड या लोकप्रिय कादंबरीकर्तीने २०१४ मध्ये दोन महिन्यांच्या अनुभवानंतर उत्पन्न पंचाहत्तर टक्क्यांनी घटल्याचे सांगून आपली पुस्तके वर्गणीयोजनेतून काढून घेतली. अनेक दुकानांत पुस्तक ठेवण्याच्या पर्यायाला लेखकांच्या बोलीत ‘वाइड’ जाणे म्हणतात. त्या मार्गाने उत्पन्न सावकाश वाढते, पण एका कंपनीच्या एका निर्णयाने ते कोसळत नाही.

या दोन युक्तिवादांत खरे-खोटे करता येत नाही, कारण दोन्ही एकेका लेखकाच्या हिताचे आहेत. खरा पेच समूहाच्या पातळीवर आहे. प्रत्येक लेखकाने स्वतःपुरता शहाणा निर्णय घेऊन एकच दुकान निवडले, की इतर दुकानांची फडताळे रिकामी होतात. फडताळे रिकामी झाली की वाचक तिकडे फिरकत नाही. आणि वाचक फिरकत नाही म्हणून पुढच्या लेखकाला एकच दुकान निवडणे अधिकच शहाणपणाचे ठरते. अशा रीतीने मक्तेदारी लेखकांच्या स्वेच्छेतून, नव्वद-नव्वद दिवसांच्या हप्त्यांनी उभी राहते. ऑयस्टर ही प्रतिस्पर्धी वर्गणीसेवा २०१३ मध्ये निघाली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तिने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

लेखकवर्गातील दुफळीही याच सुमारास उघड झाली. २०१४ मध्ये हॅशेट या प्रकाशनसंस्थेशी ई-पुस्तकांच्या अटींवरून वाद चालू असताना ॲमेझॉनने तिच्या पुस्तकांच्या विक्रीत अडथळे आणले. डग्लस प्रेस्टन यांच्या पुढाकाराने नऊशेहून अधिक लेखकांनी स्वाक्षऱ्या केलेले निषेधपत्र ऑगस्टमध्ये वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्याच वेळी ह्यू हॉवी आदी स्वतंत्र लेखकांनी ॲमेझॉनच्या बाजूने जाहीर निवेदन काढले. पहिल्यांच्या दृष्टीने दडपणारी सत्ता विक्रेत्याची होती, दुसऱ्यांच्या दृष्टीने प्रकाशकाची. दोघांनीही आपापल्या अनुभवातील सत्य मांडले. मात्र लेखकाचे हित लेखक म्हणून काय आहे, हा प्रश्न दोन्ही निवेदनांच्या मधल्या जागेत तसाच राहून गेला.

६

मराठीच्या संदर्भात हा विषय परका नाही. किंडलचे भारतीय दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये उघडले. सप्टेंबर २०१५ मध्ये वर्गणीयोजना महिना १९९ रुपये दराने भारतात आली. आणि डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकांचाही त्यात समावेश झाला. येथे अनन्यतेचा दाब एका वेगळ्या अटीने वाढतो. अमेरिकी ग्राहकाला झालेल्या विक्रीवर सत्तर टक्क्यांचा पर्याय ‘सिलेक्ट’बाहेरच्या लेखकालाही मिळतो. भारतीय ग्राहकाला झालेल्या विक्रीवर मात्र तो ‘सिलेक्ट’मधील पुस्तकांपुरताच ठेवण्यात आला, बाहेर राहणाऱ्याला पस्तीस टक्के. शंभर रुपयांच्या पुस्तकामागे कर आणि वितरणखर्च बाजूला ठेवून पाहिले, तर हा सत्तर आणि पस्तीस रुपयांमधील फरक आहे. ज्याचे जवळजवळ सारे वाचक भारतात आहेत, अशा मराठी लेखकाला अमेरिकी लेखकापेक्षा हा करार नाकारणे महाग पडते. बुकगंगासारख्या मराठी ई-पुस्तके विकणाऱ्या दुकानात, किंवा ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या विनामूल्य वितरण करणाऱ्या उपक्रमात, तेच पुस्तक ठेवायचे तर दुप्पट वाट्यावर पाणी सोडावे लागते. भाषेचा बाजार जितका लहान, तितकी अनन्यतेची अट त्या भाषेच्या स्वतःच्या वितरणसंस्थांना अधिक जाचक होते.

वितरणाने आकार ठरवल्याची उदाहरणे मराठीत पूर्वीही आहेत. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूप झाली, तिची ऐसपैस वीण साप्ताहिकाच्या चालीशी जोडलेली आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या आटोपशीर रहस्यकथांच्या मालिका भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून घरोघर फिरल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानित ग्रंथालयांची खरेदी हा मराठी प्रकाशनव्यवहाराचा मोठा आधार बनला आणि त्याचा परिणाम पुस्तकांच्या बांधणीपासून किमतीपर्यंत झाला. परंतु या तिन्ही व्यवस्थांत एका ठिकाणी पोहोचलेली कृती दुसऱ्या ठिकाणी जाण्यास बंदी नव्हती. साप्ताहिकातील कादंबरी पुस्तक होऊ शकली, भाड्याच्या वाचनालयातील पुस्तक रद्दीच्या दुकानातून एखाद्या संग्राहकाकडे जाऊ शकले. संहितेचा हा भटका संचारच पुढील पिढ्यांच्या वाङ्मयेतिहासाचा कच्चा माल असतो.

७

या शेवटच्या मुद्द्यात समीक्षेचे स्वतःचे हितही गुंतलेले आहे. मुद्रित पुस्तकाची प्रत ग्रंथालयांना देण्याचे बंधन घालणारा भारतातील १९५४ चा कायदा मुद्रणाच्या कल्पनेवर उभा आहे. केवळ अंकीय रूपात प्रसिद्ध होणारी कादंबरी त्याच्या कक्षेत येत नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये नियम करून अमुद्रित प्रकाशनांपर्यंत ही व्यवस्था वाढवली. जेथे असा नियम नाही, तेथे फक्त एका दुकानात, फक्त ई-पुस्तक म्हणून अस्तित्वात असलेली मराठी कादंबरी कोणत्याही सार्वजनिक संग्रहात नसते. लेखकाने ती मागे घेतली, संहिता बदलली, वा कंपनीने खाते बंद केले, तर तिची मूळ अवस्था दाखवणारी प्रत अभ्यासकाला मिळण्याची हमी कोणीच देत नाही. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या होत्या. ऑर्वेलच्या मुद्रित प्रती जगभर असल्याने त्या प्रसंगाची हानी मर्यादित राहिली. एकाच दुकानातील अनाम लेखकाच्या बाबतीत ती संपूर्ण असू शकते.

म्यूडींचे वाचनालय १९३७ मध्ये बंद झाले. त्यांनी घेतलेल्या आणि त्यांनी नाकारलेल्या, दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या मात्र आज वाचता येतात, कारण पुस्तके वाचनालयाहून वेगळी वस्तू होती. अनन्य अंकीय करारात पुस्तक आणि दुकान यांतील हे अंतर पुसट होते. म्हणून स्वतंत्र लेखकापुढील निवड सत्तर टक्के की पस्तीस टक्के, उसनवारी की विक्री, एवढ्या हिशेबाने संपत नाही. प्रकाशकाच्या नकारातून सुटलेल्या लेखकाने आपली कृती एकाहून अधिक ठिकाणी जिवंत राहील याची तजवीज केली नाही, तर त्याला मिळालेले स्वातंत्र्य लेखनापुरते राहते, लिहिलेल्याला मिळत नाही. अशी तजवीज एकट्या लेखकाच्या आवाक्यात नेहमीच नसते. अंकीय ग्रंथांच्या सार्वजनिक संग्रहाचा कायदा, मराठी वितरणसंस्थांचे परस्परसहकार्य आणि अनन्यतेच्या मुदतीतही संग्रहासाठी एक प्रत राखून ठेवण्याची करारातील मुभा, या मागण्या लेखकसंघटनांनी आणि विद्यापीठांतील भाषाविभागांनी एकत्र येऊन मांडण्याजोग्या आहेत. त्या मांडल्या गेल्या नाहीत, तर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांतील मराठी कथात्म साहित्याचा एक भाग उद्याच्या वाङ्मयेतिहासकाराला केवळ जुन्या क्रमवाऱ्यांतील नावांच्या रूपाने हाती लागेल.